आजोबांचा प्यूटरचा मग: हा धातू ओळखावा कसा, वापरावा कसा

आमच्या गिरगावच्या घरात खिडकीच्या फळीवर एक राखी रंगाचा मग असायचा. आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते. १९४७ साली विलायतेला परत निघालेल्या त्यांच्या साहेबाने सामान आवरताना तो त्यांना दिला. आजोबांनी जन्मभर त्यात दाढीचं पाणी घेतलं, त्यांच्यामागे बाबांनी. घरात सगळे त्याला 'जस्ताचा मग' म्हणायचे. एका पावसाळ्यात वीज गेली होती, आईला गुडघा शेकायला गरम पाणी हवं होतं आणि हाताशी तोच होता, म्हणून मी तो भरून सरळ गॅसवर ठेवला.

दोनेक मिनिटांत मग एका अंगाला कलला. वाकून बघते तर बुडाखालची गोल कड ज्योतीच्या बाजूने आरशासारखी चकाकत होती. बघता बघता तिचे पाऱ्यासारखे थेंब झाले आणि बर्नरवर टपटपले. मगाचं बूड मात्र शाबूत होतं, कारण त्याच्यावर पाणी होतं आणि पाणी आहे तोवर धातू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. कड बुडाच्या खाली उतरलेली, तिला पाण्याचा आधार नव्हता. ती गेली.

थंड झालेले मणी रुमालात बांधून मी तांबाकाट्याला एका कल्हईवाल्या काकांकडे गेले. त्यांनी एक मणी सांडशीत दाबला, तो टिकलीसारखा चपटा झाला. "जस्त नाही हे, ताई. कथील आहे. ह्याचीच कांडी मी तुमच्या पातेल्यांना लावतो." मग जोडून द्याल का, असं विचारलं तर त्यांनी तो हातात फिरवून परत दिला. "माझ्या भट्टीवर धरला तर मगच उरायचा नाही."

तेव्हापासून मी प्यूटरच्या मागे आहे. मला कळलेलं सगळं इथे लिहिते, म्हणजे कुणाच्या घरातली अशी वस्तू शेगडीवर जाणार नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिसं असलेल्या मगातून कुणी लहान मुलाला दूध देणार नाही.

प्यूटर म्हणजे कथलाचा मिश्रधातू. नव्या, चांगल्या प्यूटरमध्ये साधारण नव्वद टक्क्यांहून जास्त कथील असतं आणि त्याला कडकपणा यावा म्हणून थोडं अँटिमनी व तांबं, कधी बिस्मथ. निव्वळ कथील फार मऊ, त्याचा मग धरता धरता चेपेल. आपल्याकडे शब्दकोशात 'कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू' असा अर्थ आढळतो. तो जुन्या मालाला लागू पडतो, आजच्या मालाला नाही. कल्हई आपण सगळ्यांनी पाहिली आहे: तापलेल्या पितळेवर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाने सर्रकन फिरवायची. कल्हई ही भांड्याची कातडी. प्यूटर म्हणजे त्या कातडीचंच अख्खं भांडं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप सुचतं. कथील २३२ अंशांना वितळतं, प्यूटर त्याच्या घटकांनुसार १७० ते २३० अंशांच्या दरम्यान. जस्ताला ४२० अंश लागतात, तांब्याला १०८५. गॅसच्या ज्योतीपुढे प्यूटर म्हणजे लोणी.

चिनी मातीची भांडी स्वस्त होण्याआधी युरोपात घराघरात ताटं, वाट्या, मग, मेणबत्तीचे स्टँड प्यूटरचे असत. लंडनच्या कारागिरांच्या संघाने १३४८ सालीच त्याच्या दोन प्रती ठरवून दिल्या होत्या: तांबं मिसळलेली चांगली आणि शिसं मिसळलेली हलकी. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे भेसळीचा मोह तेव्हापासूनचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये शिशाऐवजी अँटिमनी घातलेला 'ब्रिटानिया मेटल' निघाला, तोही प्यूटरचाच भाऊबंद. आपल्या जवळचं नाव म्हणजे मलेशियातली रॉयल सेलांगोर ही कंपनी, १८८५ पासूनची. तिकडे कथलाच्या खाणी होत्या, म्हणून तिकडे हा धंदा रुजला. तुमचे कुणी क्वालालंपूरला जाऊन आले असतील तर कपाटात जी छोटी चकचकीत डबी किंवा पेपरवेट आहे, ती बहुतेक प्यूटरचीच असेल.

बाजारात 'प्यूटर' हा शब्द आणखी दोन अर्थांनी भेटतो आणि दोन्हींनी माणूस फसतो. एक नुसता रंग, निळसर झाक असलेला राखी. दुसरा 'प्यूटर फिनिश'. लोहार चाळीत कपाटाच्या मुठी आणि कड्या या नावाने मिळतात, त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या किंवा लोखंडाच्या, वरून रंगवलेल्या. मुठीला त्या उत्तम आहेत. पण ऑनलाइन 'प्यूटर फिनिश'चा पेला दिसला तर तो प्यूटरचा नाही, हे धरूनच चाला.

खरा प्यूटर शोधायचा तर चोर बाजार, मटन स्ट्रीट. दुकानं शुक्रवारी बंद असतात, बाकी दिवशी सकाळी अकरानंतर जा. तिथे पांढरट दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'चांदी', 'जर्मन सिल्व्हर' (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू), 'व्हाइट मेटल' किंवा 'प्यूटर' म्हटलं जातं, आणि विकणाऱ्यालाही दर वेळी ठाऊक असतं असं नाही. माझी पहिली खरेदी, एक मेणबत्तीचा स्टँड, प्यूटर म्हणून घेतला आणि घरी आल्यावर तो ॲल्युमिनियमचा निघाला. आता मी हात लावल्याशिवाय भावाचं बोलत नाही.

आधी वस्तू उलटी करून बूड बघा. इंग्लिश मालावर कारागिराचा छाप असतो, काही वेळा 'शेफील्ड' किंवा सरळ 'प्यूटर' असा शब्द. 'ईपीएनएस' अशी चार इंग्रजी अक्षरं असतील तर ते जर्मन सिल्व्हरवर चांदीचं पाणी, त्यात प्यूटरचा संबंध नाही. 'ईपीबीएम' असेल तर मात्र थांबा: ते ब्रिटानिया मेटलवर चांदीचं पाणी, म्हणजे चांदीच्या आत प्यूटर. पुष्कळ जुन्या चहादाण्या अशा असतात. चांदी उडालेल्या जागी आतला राखी धातू डोकावतो आणि लोक त्याला मळ समजून घासत सुटतात. छाप नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, आणि छाप आहे म्हणून खरीही ठरत नाही.

मग चुंबक. चिकटला तर लोखंड, विषय संपला. नंतर वजन: ॲल्युमिनियम हाताला पोकळ लागतो. मग टिचकी मारा. चांगला प्यूटर हलका का होईना, पण वाजतो. शिसं जास्त असेल तर बद्द आवाज येतो. दुकानदाराची परवानगी घेऊन बुडाखाली, न दिसेल अशा जागी, सेफ्टी पिनचं टोक हलकेच ओढा. प्यूटरवर ओरखडा सहज उठतो, जर्मन सिल्व्हर किंवा स्टीलवर पिन नुसती घसरते. आणि शेवटी तीच जागा पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी राखी रेघ उमटली तर शिसं भरपूर आहे. ही रेघ मी एका सुंदर कोरीव वाटीखाली पाहिली आणि वाटी परत ठेवली.

घरी आल्यावर करायची परीक्षा याहून पक्की आहे. तिला फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. आधी वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, अधांतरी धरा. काट्यावर आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. वजनाला त्या आकड्याने भागा. मगासारखं पोकळ काही असेल तर पाण्यात आडवं करून आतली हवा सगळी काढा, एक बुडबुडा राहिला तरी हिशेब चुकतो. उत्तर ७.३ च्या आसपास आलं तर कथीलच कथील. ७.९ आलं तर पाचव्या हिश्शाइतकं शिसं असू शकतं, ८.५ आलं तर चाळीस टक्क्यांपर्यंत. ६.७ म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, २.७ म्हणजे माझा तो मेणबत्तीचा स्टँड. जर्मन सिल्व्हरही साडेआठच्या पुढेमागे येतं, पण ते पिनेच्या परीक्षेत आधीच वेगळं पडलेलं असतं. लहान वस्तूला घरचा काटा पुरेसा बारीक नसतो. तोळ्याच्या वजनाची डबी असेल तर सोनाराच्या काट्यावर हेच करून घ्या.

खाण्यापिण्यासाठी वापरायचं ठरवलं असेल तर एवढ्यावरही थांबू नका. झवेरी बाजारात सोन्याचा टंच काढणारे क्ष-किरणांच्या मशीनवर कुठला धातू किती ते दाखवतात. विनंती केली की काही जण प्यूटरही बघून देतात. मशीन सोन्या-चांदीसाठी लावलेलं असतं, म्हणून टक्केवारी ढोबळ समजा, पण शिसं आहे की नाही ते दिसतं. आजोबांच्या मगात कथील नव्वदच्या वर निघालं, बाकी अँटिमनी आणि तांबं. शिशाचा आकडाच नव्हता. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून बाबांना फोन केला. साठ वर्षं घरातल्या माणसांच्या तोंडाजवळ राहिलेली वस्तू होती ती.

शिशाबद्दल मी इतकी हट्टी आहे, कारण शरीरात गेलेल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं. जुन्या भांड्यातलं शिसं आंबट पदार्थात उतरतं, आणि आपलं निम्मं खाणंपिणं आंबट: ताक, सोलकढी, लिंबू सरबत, चिंचेची आमटी. युरोपातल्या मानकानुसार प्यूटरमध्ये शिसं ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून नवीन, नावाजलेल्या घराण्याचा, शिसं नाही असं लिहिलेला पेला बिनधास्त वापरा. चोर बाजारातला, आजोळचा, लिलावातला, कुठलाही जुना पेला परीक्षा होईपर्यंत फुलांसाठी. शंका उरली तर कायमच फुलांसाठी.

परीक्षेत उतरलेल्या पेल्यात गार पाणी, थंड दूध, पन्हं छान लागतं. धातू पटकन गार होतो आणि हाताला तो गारवा कळतो. चहाने पेला वितळत नाही, पण कानासकट तापतो, हात भाजतो. आंबट पेय पिऊन संपवायचं, रात्रभर ठेवायचं नाही. लोणचं आणि मीठ तर नकोच. मिठाने आणि दमट हवेने कथलावर बारीक खड्डे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. मिठासाठीच बनवलेल्या जुन्या वाट्यांत म्हणून आतून काचेची वाटी बसवलेली असते.

देवघरात प्यूटर ठेवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: त्यावर कापूर जाळू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी भेट आलेल्या तबकात आरतीचा कापूर लावला आणि मधोमध भोक पडलं. निरांजनाचंही तेच. वात कडेला टेकली की कड बसली. फुलं, अक्षता, सुपारी, कोरडं हळदकुंकू यांना तबक चांगलं. मेणबत्ती लावली तर तळाला दोन बोटं उरली की विझवा. उदबत्तीची राख पडली तर काही होत नाही.

साफसफाई सोपी आहे, फक्त आपल्या सवयीच्या उलट. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, रांगोळी, राख, तारेची घासणी हे सगळं पितळ-तांब्याचं औषध, प्यूटरचं नाही. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर प्यूटर त्यांच्या मोरीत जाऊच देऊ नका, ओट्यावर वेगळा ठेवा. डिशवॉशरमध्येही नको. वस्तू मुळात चकचकीत असेल तर वर्षातून एकदा ब्रासोचा हलका हात चालतो. मुद्दाम काळसर केलेली किंवा जुनी असेल तर नाही. जुन्या प्यूटरवरची ती राखी साय तयार व्हायला पन्नास वर्षं लागतात आणि बफिंगवाला ती पाच मिनिटांत उडवतो. चांदीसारखा प्यूटर काळा पडत नाही, हळूहळू मावळतो. मला तर तो मावळलेलाच आवडतो.

मुंबईचा पावसाळा मात्र सांभाळावा लागतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात घालून माळ्यावर टाकलं की ओल धरते, आणि कागद-लाकडातून सुटणारी आम्लं शिसं असलेल्या प्यूटरवर पांढरी पूड आणतात. ती पूडही विषारी, फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्या. जुनं धुतलेलं मलमल उत्तम, सोबत चपलांच्या खोक्यातून निघते ती सिलिका जेलची पुडी. वर जड काही रचू नका, चेपेल.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. घरच्या घरी ओतकाम करता येईल असे धातू फार थोडे, आणि प्यूटर त्यातला एक. धातू मात्र नीट बघून घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळणारं नेहमीचं साठ-चाळीसचं सोल्डर (वायरी जोडायचा धातू) म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं, ते नकोच. शिसं नसलेली सोल्डरची कांडी मागा. तिच्यात ९९ टक्क्यांच्या वर कथील आणि किंचित तांबं असतं, ती २२७ अंशांना वितळते. कल्हईच्या कांडीत भेसळ असू शकते, म्हणून तीही टंच पाहिल्याशिवाय नको.

साच्याला लागतो समुद्रफेस, म्हणजे माकूल जातीच्या माशाच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, क्रॉफर्ड मार्केटला पक्षीवाल्यांकडे पोपटांसाठी टांगलेलं असतं. मोठं, जाड बघून घ्या. ते मधोमध आडवं कापा आणि दोन्ही तुकड्यांच्या मऊ बाजू फरशीवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, एकमेकांवर ठेवल्यावर उजेड दिसायला नको. एका तुकड्यात दाभणाने आकार कोरा, मग मऊ ब्रशने झटका. मऊ भाग निघून जातो आणि हाडाच्या वाढीच्या बारीक लाटांसारख्या रेषा वर येतात. त्या रेषा धातूत जशाच्या तशा उमटतात. इतकी देखणी नक्षी हाताने कोरायला मला जमली नसती. वरून नरसाळ्यासारखी वाट करा, आकारापासून वर जाणाऱ्या दोन-तीन बारीक रेघा हवेसाठी. दोन्ही तुकडे तारेने आवळा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात उभे रोवा.

साचा, वाळू, पळी यांत ओलावा असेल तर तापलेला धातू फुटून अंगावर उडतो. म्हणून पावसाळ्यात हे काम नको, आणि इतर वेळीही साचा आदल्या दिवशी उन्हात ठेवा. डोळ्यांवर चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे, पायांत बूट, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत. वितळवायची लोखंडी पळी एकदा या कामाला लावली की स्वयंपाकात परत आणायची नाही. वर आलेली राखी साय चमच्याने बाजूला करा. आगकाडीचं मागचं, गूल नसलेलं टोक बुडवून बघा: तपकिरी पडलं की धातू तयार, लगेच काळं होऊन धुरलं तर जास्त तापलाय, उतरवा. एका दमात, न थांबता ओता. हाड जळल्याचा वास येईल, केस जळल्यासारखा. दहा मिनिटं हात लावू नका. साचा एकदाच चालतो. नंतर करवतीने देठ कापा आणि कानशीने घासा, पण ती कानस सोनाराकडून मागून आणलेली नको. तिच्या दातांत अडकलेलं कथील सोन्यात गेलं तर त्याचं काम नासतं.

मी ओतली ती चंद्रकोरीएवढी लहानशी कड. कांडीचा एक तुकडा आणि रुमालात बारा वर्षं बांधून ठेवलेले ते मणी, दोन्ही एकाच पळीत. कानशीने घासत घासत ती मगाच्या गेलेल्या जागी बसेपर्यंत तीन रविवार गेले. झाळ लावायचं धाडस केलं नाही, ॲराल्डाइटने चिकटवली. जवळून पाहिलं तर जोड दिसतो: वरची कड साहेबाच्या वेळची, गुळगुळीत, आणि खालच्या तुकड्यावर समुद्रफेसाच्या लाटा. मग आता फळीवर डुगडुगत नाही. श्रावणात आई त्यात सोनटक्का ठेवते.